खेकड्याची जीवदोरी

बॉबिन सूड घ्यायला परदेशी निघाला तेव्हा विमानतळावरच त्याची कातरी काढून घेतली. त्याने ती खुशाल देऊन टाकली. त्याला सूड कातरीने घ्यायचा नव्हताच, दोऱ्याने घ्यायचा होता, आणि सुई-दोऱ्यावर कुणी हरकत घेतली नाही.

बॉबिन हा शिंप्याच्या घरातला तिसऱ्या पिढीचा शिंपी. वय सव्वीस. लहानपणी आजोबांनी त्याला पहिलं काम दिलं ते मशीनचं बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, भरायचं. पुढे काम बदललं, नाव तेच राहिलं. दुकान शर्ट-पँटचं नव्हतं. नाटकांना आणि शाळांच्या कार्यक्रमांना ते प्राणी शिवून द्यायचे. अस्वल, बेडूक, मोर, आणि एकदा एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या जाहिरातीसाठी किडलेली दाढ.

सूड होता एका खेकड्यासाठी.

हा खेकडा कुणी मागवलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी बॉबिनने तो स्वतःच्या डोक्यातून काढला आणि दुकानातलं रोजचं काम संपवून आठ महिने शिवला. आत फोम, वर रेक्झिन, दोन नांग्या, आठ पाय. पायांना आतून मासे पकडायची पारदर्शक दोरी अशी ओवली होती की आतल्या माणसाने खांदे उडवले की आठही पाय एकामागून एक हलायचे. खेकडा उभा राहिला त्या दिवशी बॉबिनने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दहा मिनिटं नुसता बघत बसला. आपण काहीतरी केलं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

अकराव्या मिनिटाला दादा आला.

दादा म्हणजे चुलत भाऊ. नोकरीसाठी परदेशी निघाला होता आणि निरोप घ्यायला आला होता. खेकडा पाहून म्हणाला, "एक फोटो काढतो आणि परत पाठवतो." खेकडा विमानात बसून गेला तो गेलाच. फोटो मात्र आले, आणि सगळ्या जगाला आले. खाली लिहिलेलं असायचं, 'मी स्वतः शिवला. आठ महिने.' महिन्यांचा आकडासुद्धा खरा होता, फक्त महिने दुसऱ्याचे होते. एका व्हिडिओत तर दादा बोटाला पट्टी लावून बसला होता आणि सुई कशी टोचली ते सांगत होता. मागे भिंतीवर आजोबांचा फोटो. "कला माझ्या रक्तात आहे. आजोबांनी मला मांडीवर बसवून शिकवलं."

आजोबांनी दादाला दुकानातून हाकलून दिलं होतं. तेव्हा दादा बारा वर्षांचा होता, आणि त्याने कापडाच्या कातरीने वहीचा पुठ्ठा कापला होता. कातरीची धार गेली, आणि शिंप्याच्या घरात याहून वाईट काही करता येत नाही. "या कार्ट्याला मशीनपासून दहा हात लांब ठेवा," एवढंच आजोबा बोलले. पुढची वीस वर्षं कुटुंबाने ते पाळलं.

बॉबिनने घरात तक्रार करून पाहिली. काकू म्हणाली, "अरे, घरातल्या घरातच आहे ना?" आई म्हणाली, "एका खेकड्यासाठी भावाशी भांडणार का आता?" बॉबिन भांडला नाही. त्याने दोन वर्षं राग नीट घडी घालून ठेवला, अधूनमधून उन्हात टाकला, कसर लागू दिली नाही.

आणि मग दादाचा फोन आला. "बॉब्या, इकडे ये ना फिरायला. आणि येताना सुई-दोरा घेऊन ये. खेकड्याची उजवी नांगी उसवलीय. या शनिवारी मोठा मेळावा आहे."

"येतो," बॉबिन म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की दादाला गहिवरून आलं.

आता दोऱ्याचं सांगायला हवं. फार पूर्वी आजोबांनी शिवलेल्या अस्वलात एक नट बेशुद्ध पडला होता. चेन अडकली, माणूस निघेना, शेवटी अस्वल कापावं लागलं. नट वाचला. अस्वल गेलं, आणि आजोबा महिनाभर नीट जेवले नाहीत. तेव्हापासून घरात नियम झाला: ज्या पोशाखात अख्खा माणूस जातो, त्याची पाठ साखळी टाक्याने शिवायची. साखळी टाका कितीही ओढा, तुटत नाही, पण जिथे तो संपतो तिथलं टोक सोडवून ओढलं की सगळा एका झटक्यात सरसर उसवतो. ते टोक लाल दोऱ्याचं ठेवायचं आणि लपवायचं. त्याला जीवदोरी म्हणायचं. गिऱ्हाइकाच्या टीमला सांगायचं, इतर कुणाला नाही, कारण लोकांना दिसलेला दोरा ओढायची फार खाज असते. आणि घरात सांगायचं ते फक्त मशीनवर बसणाऱ्याला.

दादा मशीनपासून दहा हात लांब होता.

म्हणजे बेत सोपा होता. दादा भर मेळाव्यात मंचावर उभा राहणार, माईकवर 'मी स्वतः शिवला' म्हणणार, आणि बरोबर त्याच क्षणी बॉबिन मागून लाल दोरा ओढणार.

दादाच्या घरी खेकड्याला स्वतंत्र खोली होती. बॉबिनला सोफा मिळाला. शनिवारी सकाळी दादाने फक्त नांगी आणून त्याच्या मांडीत ठेवली. "बाकीचा गाडीत पॅक केलाय. दहा मिनिटांचं काम आहे रे तुझं."

बॉबिनने दहा मिनिटांत नांगी शिवली. वहिनी चहा घेऊन आली आणि कौतुकाने बघत राहिली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. "तुमचा हात छान आहे हो, भाऊजी. यांच्याकडून शिकलात?"

बॉबिनने दोरा दाताने तोडला. दाताने तोडायला दुसरंही काही मिळालं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"पहिल्यांदा मला भेटले ना, तेव्हा यांनी हा खेकडाच दाखवला," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, जो माणूस आठ महिने एका कामावर बसू शकतो, तो भरवशाचा. तिथेच हो म्हणून टाकलं."

मेळावा एका मोठ्या सार्वजनिक बागेत होता. कॉस्प्ले म्हणजे काय ते बॉबिनला माहीत होतं, पण एवढं एकत्र त्याने पाहिलं नव्हतं. चांगली मोठी माणसं मनातली पात्रं अंगावर चढवून भर दुपारी फिरत होती. एक चिलखतातला योद्धा शिरस्त्राणाच्या फटीतून आइस्क्रीम खात होता. एक भूत पायांना उन्हाचं क्रीम लावत होतं. पाठीला बारा फुटी पंख लावलेली एक बाई स्वच्छतागृहाच्या दारात आडवी, उभी, तिरकी असं करून पाहत होती, आणि मागे रांगेतला रोबो तिला धीर देत होता.

बॉबिन साध्या शर्टात होता, गळ्यात मापाची टेप, शर्टाच्या कॉलरला दोन सुया टोचलेल्या. ती त्याची सवय. दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन त्याच्यासोबत फोटो काढायचं. "तू कोण आहेस?" असं विचारायचं.

"शिंपी," तो मोडक्यातोडक्या भाषेत सांगायचा.

"हुबेहूब!" ते म्हणायचे.

तंबूमागे दादा खेकड्यात शिरला. पुढून चेन ओढून झाल्यावर त्याने वहिनीच्या हातात झटपट चिकटणारा गोंद दिला आणि शिंपले दिले. "चेनवर लाव. मागच्या वेळी चेन दिसली म्हणून मार्क कापले होते."

बॉबिन बघत राहिला. रेक्झिनवर गोंद! पहिल्यापासून शेवटच्या दातापर्यंत चेन गोंदात बुडाली आणि मिनिटभरात दगडासारखी झाली.

"मग बाहेर कसा येणार?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी बघू," खेकडा म्हणाला. "आधी बक्षीस. आणि तू मागे राहून पाय सांभाळ, पायऱ्यांवर अडकतात."

मागे राहायचंच होतं. मंचाच्या रांगेत उभं असताना बॉबिनने हळूच डाव्या टाचेच्या घडीत बोट घातलं. तो डावखुरा होता, म्हणून त्याचा टाका मानेपाशी सुरू होऊन टाचेपाशी संपायचा. बाकी सगळ्या घराचा उलटा.

घडीत दोरा नव्हता.

पुन्हा पाहिलं. उजव्या टाचेतही पाहिलं, अब्रू सोडून. दोरा नव्हता.

"काय शोधताय?" वहिनीने विचारलं. "तो लाल धागा का? लोंबत होता हो तिथे, किती गबाळं दिसत होतं. मी काल मुळापासून कापून टाकला. बरं केलं ना?"

"छान केलं," बॉबिन म्हणाला. दोन वर्षांचा सूड एका नीटनेटक्या बाईने कालच झाडून काढला होता. टोक आता शिवणीच्या आत गेलेलं. सुईने शोधायला शांत पाच मिनिटं हवीत, आणि दादा पायऱ्या चढत होता.

मंचावर परीक्षक बाई होत्या. त्यांच्या डोक्यावर एक दीपगृह होतं, त्यातला दिवा फिरत होता. त्यांनी दादापुढे माईक धरला आणि पोशाख कसा बनवला ते विचारलं. दादा सुटला. आठ महिने. जागरणं. सुई. आजोबा. मांडी. बॉबिनला शब्द अर्धेच कळत होते, पण 'आजोबा' म्हणताना दादाने नांगी छातीवर ठेवली तेव्हा सगळंच कळलं. खालच्या लोकांनी "आss" केलं. एका समुद्री चाच्याने डोळा पुसला, पट्टी नसलेला.

ऊन मात्र कुणाचं कौतुक न करता खाली येत होतं. फोम, रेक्झिन आणि वरून गोंद. सातव्या मिनिटाला दादाचं भाषण मधेच थांबलं. आठव्याला खेकडा गुडघ्यांवर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"उघडा," आतून आवाज आला. "उकडतंय. उघडा!"

तो खांदे उडवून मदत मागत होता. त्याबरोबर आठही पाय एकामागून एक सुंदर हलत होते. खालची पोरंबाळं उठून उभी राहिली आणि त्यांनीही हात हलवून दाखवले.

वहिनी धावली, चेनशी झटली. शिंपला निघाला, चेन नाही. बागेतला प्रथमोपचारवाला पेटी घेऊन आला. तो खरा होता, पण त्या दिवशी तिथे खरा असण्याला काही अर्थ नव्हता. मंचाच्या पायऱ्यांवर तिघांनी अडवून त्याच्यासोबत फोटो काढला. एकाने गणवेशाचं शिवणकाम जरा कमी पडतंय असं सांगितलं. शेवटी तो पोहोचला आणि त्याने पेटीतून मोठी कातरी काढली.

बॉबिन खेकड्यावर आडवा पडला.

"कापायचं नाही!" तो ओरडला, आपल्या भाषेत. वहिनीने घाईघाईने भाषांतर केलं. परीक्षक बाई वाकल्या. दीपगृहाचा दिवा बॉबिनच्या तोंडावरून गेला आणि परत आला.

"न कापता उघडतो का?" त्यांनी विचारलं.

"उघडतो," बॉबिन म्हणाला. "एका झटक्यात. पण कुठून, ते फक्त शिवणाऱ्याला माहीत असतं." तो उठून बसला. इतकं शांत त्याला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. "वहिनी, विचारा ना दादाला. त्यानेच शिवलाय."

वहिनी खेकड्याच्या तोंडापाशी वाकली. "अहो, कुठून उघडतं म्हणे?"

"चेन," दादा म्हणाला.

"चेन तुम्ही चिकटवलीत. दुसरं?"

"मानेपाशी! घरात ऐकलंय, मानेपाशी काहीतरी असतं!"

प्रथमोपचारवाल्याने मानेपाशी ओढून पाहिलं. शिवण जास्तच घट्ट झाली. आतून एक बारीक आवाज आला.

बॉबिनने प्रथमोपचारवाल्याच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, खेकड्याच्या डोळ्याच्या भोकातून थोडं पाणी आत ओतलं आणि पेटीतली नळी घालून थोडं पाजलं. तो काही राक्षस नव्हता. दादा बोलता राहायला हवा होता.

"बॉब्या," दादा आतून म्हणाला, "मस्करी पुरे. काढ."

"मला काय माहीत? मी तर पाय सांभाळायला आलोय."

"बॉब्या, भाऊ आहेस ना?"

"आहे की. घरातल्या घरातच आहे सगळं."

"काय पाहिजे तुला?"

"कुणी शिवला ते सांग."

आतून अगदी हळू, "तू."

"ऐकू नाही आलं. आत फोम दोन इंची आहे. मीच घातलाय."

"तू शिवलास!"

"मला माहीत आहे, दादा. यांना सांग." बॉबिनने परीक्षक बाईंच्या हातातला माईक अदबीने घेतला आणि खेकड्याच्या तोंडाला लावला. "यांच्या भाषेत. पट्टीसकट."

आणि दादा बोलला. घामाने, लाजेने, मोठ्या आवाजात. खेकडा माझा नाही. माझ्या धाकट्या भावाने शिवला. मी फोटो काढायला नेला. सुई टोचली नव्हती. आजोबांनी मला हाकललं होतं.

"कशासाठी?" बॉबिनने विचारलं.

"ते पण?"

"ते पण."

"मी... कापडाच्या कातरीने पुठ्ठा कापला होता."

खाली शंभरेक जण असे होते की ज्यांनी आपापले पोशाख स्वतः शिवले होते. त्या योद्ध्याने हातातलं आइस्क्रीम खाली केलं. भुताने तोंडावर हात ठेवला. खोटेपणा एक वेळ त्यांनी पोटात घातला असता, पण पुठ्ठा?

वहिनी भाषांतर करायची थांबली होती. तिला आता कुणासाठीच भाषांतर करायचं नव्हतं. "म्हणजे आठ महिने एका कामावर बसणारा माणूस," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही नाही."

"अगं, आधी मला बाहेर..."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "घाई नाही."

पण बॉबिनने कॉलरची सुई काढली होती. डाव्या टाचेपाशी बसून त्याने शिवणीत सुई घातली, शेवटचा फास चाचपला, उचलला, आणि दोऱ्याचं इवलंसं टोक दातात धरलं. मान मागे झटकली. सर्रर्र असा आवाज टाचेपासून मानेपर्यंत गेला आणि खेकडा केळ्यासारखा सोलला गेला.

आत दादा होता. वहिनीची पिवळी फुलांची लेगिंग, भोक पडलेला बनियान. खेकडा शिजला की लाल होतो. इथे कवच तसंच राहिलं होतं, आतला माणूस लाल झाला होता.

अख्खी बाग टाळ्यांनी दणाणली. मागच्या निम्म्या लोकांना वाटलं, हा प्रयोगच होता: खेकडा कात टाकतो आणि आतून नागडं सत्य बाहेर येतं. "पुन्हा! पुन्हा!" ते ओरडायला लागले.

परीक्षक बाईंनी दीपगृह सावरलं. पाच वाजता अंतिम फेरी होती आणि हे त्यांना अंतिम फेरीत हवं होतं. फक्त एक अट. प्रत्येक पोशाखाला एक कार्ड अडकवलेलं असतं, त्यावर 'घडवणारा' म्हणून नाव असतं. ते आधी दुरुस्त व्हायला हवं.

"तो लिहील," बॉबिन म्हणाला. "स्वतःच्या अक्षरात."

दादाने लिहिलं. बॉबिनने वाचलं, आणि आडनावाच्या आधी स्वतःचं पूर्ण नाव नीट येईपर्यंत दोन कार्डं फाडायला लावली.

मग एका झाडाखाली बसून त्याने खेकडा पुन्हा शिवायला घेतला. नवी चेन पंखवाल्या बाईने दिली. रोबोने स्वतःची कातरी दिली, आणि देताना दादाकडे बघून म्हणाला, "याच्या हातात देऊ नका." बघता बघता भोवती पन्नास माणसं जमली. साखळी टाका हाताने कसा घालतात ते त्यांना पाहायचं होतं. दादा लेगिंगमध्ये बाजूला बसून दोऱ्याचं रीळ धरत होता आणि जीवदोरी म्हणजे काय ते पहिल्यांदाच ऐकत होता; लाल टोक कुठे लपवलं ते मात्र बॉबिनने त्याला पाहू दिलं नाही. वहिनी लांब बाकावर बसून सासूबाईंशी फोनवर बोलत होती. "हो, घरातल्या घरातच," असं अधूनमधून ऐकू येत होतं, पण सूर बरा नव्हता.

एका मुलीने दादाला निरखून पाहिलं. "आणि तू कोण झालायस?"

दादाने बॉबिनकडे पाहिलं. बॉबिनने सुईवरून नजर काढली नाही.

"शिंप्याचा... मदतनीस," दादा म्हणाला.

"हुबेहूब!" मुलगी म्हणाली आणि फोटो काढला.

पावणेपाचला खेकडा तयार झाला. दादा आत शिरला. बॉबिनने नवी चेन शेवटपर्यंत ओढली आणि ओढल्यावर तिचा ओढायचा दांडा काढून शर्टाच्या खिशात टाकला.

"हे काय केलंस?" खेकडा म्हणाला.

"दिसायला नको. मार्क कापतात."

"बरं... जीवदोरी ठेवलीयस ना?"

"आजोबांचा नियम आहे. ठेवणारच."

"कुठे?"

बॉबिनने गळ्यातली टेप सारखी केली. "तू वर जा. माईकवर सगळं पहिल्यापासून सांग, पुठ्ठ्यासकट. घाईघाईत सांगू नकोस, मघाशी शेवट जरा गडबडला होता. मग मी येतो."

"लगेच येशील ना?"

"येतो," बॉबिन म्हणाला. खेकडा पायऱ्या चढायला लागला. बॉबिनने थंड सरबताचा मोठा पेला घेतला आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्या सोडून, मधल्या सोडून, लोकांचे पंख, शेपट्या आणि तलवारी ओलांडत तो अगदी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत सावकाश चालत गेला.